जोडले तर एक, सोडले तर दोन : सुट्या होणाऱ्या गेमिंग रिमोटांचा आढावा

गेमिंग कन्सोलचा रिमोट कसा असावा, यावर चाळीस वर्षे चर्चा चालू आहे. ३ मार्च २०१७ रोजी निन्टेंडो या जपानी कंपनीने ‘स्विच’ बाजारात आणला आणि या चर्चेला नवे वळण लागले. हा कन्सोल प्रवासात हातात धरून खेळता येतो आणि घरी डॉकमध्ये ठेवला की चित्र टीव्हीवर दिसते. त्याच्या दोन्ही कडांना बसवलेले ‘जॉय-कॉन’ नावाचे रिमोट सरकवून काढता येतात. एकट्याने दोन हातांत दोन धरावेत, किंवा एकेक आडवा धरून दोघांनी खेळावे. आठ वर्षांत या कन्सोलची जगभरातली विक्री पंधरा कोटींच्या पुढे गेली. तरीही हे रिमोट हाताला सोयीचे आहेत का, आणि त्यांच्या बहुगुणीपणासाठी जी तडजोड करावी लागते ती योग्य आहे का, यावर खेळणाऱ्यांत आजही सरळ दोन तट आहेत.

नागपुरात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. निन्टेंडोने स्विच भारतात अधिकृतपणे विकायला आणला नाही. इथल्या घरांत तो येतो तो आयात माल विकणाऱ्या दुकानांतून, ऑनलाइन विक्रेत्यांकडून किंवा दुबई, सिंगापूर, अमेरिकेतल्या नातेवाइकांच्या बॅगेतून. वॉरंटी त्या देशातच राहते. त्यात आपला उन्हाळा, कुलरची दमट हवा आणि जमिनीवर मांडी घालून खेळायची सवय. ‘सोय’ ठरवताना हे सगळे धरावे लागते, आणि परदेशी परीक्षणांत यातले फारसे काही सापडत नाही.

मागचा प्रवास

रिमोट कन्सोलच्या कुशीत ठेवण्याची कल्पना निन्टेंडोचीच, आणि जुनी. १९८३ मध्ये जपानात आलेल्या ‘फॅमिकॉम’च्या दोन्ही बाजूंना रिमोट ठेवायला खाचा होत्या. मात्र ते वायरने आत कायमचे जोडलेले होते, म्हणजे खाचेतून निघत पण कन्सोलपासून सुटत नसत. नव्वदच्या दशकात आपल्याकडे ‘टीव्ही गेम’ म्हणून घरोघरी पोहोचलेले, पिवळ्या कॅसेटी घालायचे कन्सोल याच फॅमिकॉमच्या नकला होत. ज्यांचे बालपण त्यात गेले त्यांना चौकोनी रिमोटची टोके तळहातात कशी रुतत ते आठवत असेल. त्या काळी हाताच्या सोयीचा विचार नव्हता असे मात्र म्हणता येणार नाही. निन्टेंडोच्याच गुनपेई योकोई यांनी १९८२ मध्ये ‘डॉंकी काँग’च्या खिशात मावणाऱ्या गेमसाठी बनवलेला अधिक-चिन्हाचा डी-पॅड अंगठ्याला इतका मानवला की नंतर बहुतेक रिमोटांनी त्याचे कुठले ना कुठले रूप घेतले.

दोन हात वेगळे करण्याचे पाऊल २००६ च्या ‘वी’ कन्सोलने टाकले. एका हातात काठीसारखा रिमोट, दुसऱ्यात ‘नंचक’, मध्ये वायर. खेळाडूचे खांदे पहिल्यांदाच मोकळे झाले. २०१२ च्या ‘वी यू’ने पडदा रिमोटातच आणला, पण तो गेमपॅड मोठा होता आणि कन्सोलपासून फार लांब नेला की बंद पडे. स्विच या दोन्ही प्रयत्नांच्या पुढची पायरी आहे. वीचे मोकळे हात घेतले, वी यूचा हातातला पडदा घेतला आणि मधली वायर काढून टाकली.

हाताचे म्हणणे

जॉय-कॉन सुमारे १०२ मिलिमीटर उंच आणि ३६ मिलिमीटर रुंद आहे. डाव्याचे वजन ४९ ग्रॅम, उजव्याचे ५२ ग्रॅम. या मापांतच त्याची बरीचशी कहाणी आहे.

दोन हातांत दोन सुटे रिमोट धरण्याच्या बाजूने मत देणारे सांगतात की ही गेमिंगमधली सर्वांत आरामशीर बैठक आहे. नेहमीचा एकसंध रिमोट धरताना दोन्ही हात छातीसमोर एकत्र येतात, खांदे पुढे झुकतात आणि मनगटे आत वळतात. सुटे रिमोट घेतले की हात शरीराच्या दोन बाजूंना पडतात. एक उशीवर, एक मांडीवर, असे लोळतही खेळता येते. जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्यालाही याचा फायदा आहे, कारण हात गुडघ्यांवर टेकतात आणि कोपरांना आधार मिळतो. माझे स्वतःचे मत या बाबतीत पक्के आहे. तासभर निवांत खेळायचे असेल तर याहून सुखाची पद्धत मला ठाऊक नाही.

विरोधी बाजूही तितकीच ठोस आहे. रिमोट पातळ आणि सपाट असल्यामुळे तळहात भरत नाही. मग मधल्या बोटांना तो आवळून धरावा लागतो आणि मोठ्या हाताच्या माणसाला करंगळी कुठे ठेवावी ते कळत नाही. कडांना जोडून हातात धरून खेळताना पडद्यासकट सुमारे ३९८ ग्रॅम वजन बोटांवर येते, आणि मुठीला आधार देणारा फुगवटा कुठेच नसतो. उजवी स्टिक बटणांच्या बरोबर खाली आहे. तिथे पोहोचण्यासाठी अंगठा आत मुडपावा लागतो. कॅमेरा सतत फिरवावा लागणाऱ्या गेममध्ये अंगठ्याच्या बुडाशी आधी ताण जाणवतो तो यामुळे.

एकच जॉय-कॉन आडवा धरला की अडचणी आणखी स्पष्ट होतात. डाव्यात स्टिक अगदी टोकाला जाते आणि बटणे मध्यावर येतात. उजव्यात उलट, स्टिक मध्याकडे सरकते आणि बटणे टोकाला. म्हणजे दोघे भाऊ-बहीण एकाच कन्सोलवर खेळत असले तरी दोघांच्या हातांना सारखी सोय मिळत नाही. वरच्या कडेची एसएल आणि एसआर बटणे इतकी बारीक आहेत की सोबत आलेली मनगटाची पट्टी सरकवून लावल्याशिवाय मोठ्या माणसाला ती नीट दाबता येत नाहीत. लहान मुलांचे गणित वेगळे आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या हातात हाच आडवा रिमोट छान बसतो, आणि पूर्ण आकाराचा रिमोट त्याला मोठा होतो.

गेमिंग आणि हाताचे दुखणे यांचा वैद्यकीय इतिहासही निन्टेंडोच्या नावाशी जोडलेला आहे. १९९० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये रिचर्ड ब्रेसिंग्टन या डॉक्टरांनी लिहिलेल्या पत्राला ‘निन्टेंडिनायटिस’ असे नाव होते. सलग पाच तास खेळल्यानंतर अंगठा दुखावलेल्या एका पस्तीस वर्षांच्या स्त्रीची ती हकिकत होती. वी आल्यानंतर २००७ मध्ये त्याच नियतकालिकात ‘वीआयटिस’ अवतरला, आणि त्यात दुखत होता खांदा. २००० साली तर न्यू यॉर्कच्या महाधिवक्त्यांशी झालेल्या तडजोडीत निन्टेंडोला ‘मारिओ पार्टी’ खेळणाऱ्या मुलांसाठी हातमोजे देण्याचे मान्य करावे लागले, कारण त्या गेममध्ये स्टिक गरागरा फिरवताना मुलांचे तळहात सोलवटत होते. या तीन घटनांतून एक गोष्ट दिसते. रिमोटचा आकार बदलला की दुखणे नाहीसे होत नाही, ते अंगठ्यावरून खांद्यावर किंवा तळहातावर जाते. सुट्या रिमोटांकडे पाहतानाही हे ध्यानात ठेवलेले बरे.

उपयोगाचे म्हणणे

जॉय-कॉन लहान का, याचे उत्तर त्याच्या कामांच्या यादीत आहे. त्याला अर्धा रिमोटही व्हायचे आहे आणि अख्खाही. प्रत्येकात स्वतःची बॅटरी, हालचाल ओळखणारे सेन्सर आणि बारीक कंपन देणारी मोटर आहे. उजव्यात त्याखेरीज इन्फ्रारेड कॅमेरा आणि एनएफसी. एका चार्जवर तो सुमारे वीस तास चालतो.

डाव्या जॉय-कॉनवर डी-पॅड नाही, चार सुटी गोल बटणे आहेत. जुन्या पद्धतीचे आणि मारामारीचे गेम खेळणाऱ्यांची ही सर्वांत मोठी तक्रार, आणि ती खरी आहे. ज्या कंपनीने डी-पॅड जगाला दिला तिनेच तो काढावा, याचे त्यांना वाईट वाटते. पण तिथे डी-पॅड ठेवला असता तर रिमोट आडवा धरणाऱ्या दुसऱ्या खेळाडूला बटणेच उरली नसती. एकाच्या अंगठ्याची सोय काढून दुसऱ्याला खेळात घेतले, असा हा सौदा आहे. सोय आणि बहुगुणीपणा यांची ओढाताण या एका जागेइतकी स्पष्ट दुसरीकडे कुठेही दिसत नाही.

हा सौदा कोणाला परवडतो ते खेळण्याच्या जागेवर ठरते. मे महिन्यात, नवतपात, दुपारी बाहेर पाऊल टाकता येत नाही, तेव्हा कुलर असलेल्या एका खोलीत सगळी भावंडे जमतात. आते-मामे भावंडे सुटीला आलेली असतात. अशा घरात कन्सोलसोबतच दोन रिमोट मिळणे, वेगळा खर्च न करता दोघांना खेळता येणे, याचे मोल मोठे आहे. विदर्भ एक्सप्रेसने किंवा दुरांतोने रात्रभराचा मुंबईचा प्रवास असेल तर बर्थवरच्या छोट्या टेबलावर पडदा उभा करून शेजारी बसलेल्या दोघांना एकेक रिमोट घेता येतो. अर्थात पहिल्या स्विचची मागची टेकणकाडी इतकी बारीक होती की गाडीच्या एका हिसक्याला पडदा कलंडे. २०२१ च्या ओएलईडी मॉडेलमध्ये ती पूर्ण रुंदीची झाली. चार्जिंगची पिन खालच्या बाजूला असल्याने उभा ठेवून चार्ज करण्याची अडचण मात्र तशीच राहिली. २०२५ च्या स्विच २ मध्ये वरही एक पोर्ट आला.

या रिमोटांचा एक उपयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. ज्यांचा एकच हात चालतो, किंवा ज्यांना दोन्ही हात एकमेकांजवळ आणता येत नाहीत, त्यांच्यासाठी सुटा, हलका रिमोट दार उघडतो. एप्रिल २०२० च्या अपडेटपासून स्विचच्या सेटिंगमध्येच बटणांची कामे बदलता येऊ लागली, त्यामुळे ही शक्यता आणखी वाढली. पण मर्यादाही आहेत. अनेक मोठ्या गेमना दोन स्टिक आणि सगळी बटणे लागतात, आणि ती एका हाताच्या आवाक्यात येत नाहीत. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये आणि सोनीने २०२३ मध्ये खास अपंग खेळाडूंसाठी रिमोट बनवले. त्यांच्या तुलनेत जॉय-कॉन हा योगायोगाने उपयोगी पडलेला रिमोट आहे. तरीही वेगळे, महाग साधन न घेता कन्सोलच्या खोक्यातच ही सोय मिळते, ही गोष्ट छोटी नाही.

व्यायामाच्या अंगाने २०१९ च्या ‘रिंग फिट अ‍ॅडव्हेंचर’ने याच रिमोटांचा कस लावला. एक जॉय-कॉन वर्तुळाकार रिंगमध्ये, दुसरा मांडीला बांधलेल्या पट्ट्यात. एकसंध रिमोटने हे शक्यच झाले नसते.

टिकाऊपणाचा वाद

सोयीच्या चर्चेवर ज्याचे सावट सतत राहिले तो विषय म्हणजे ‘ड्रिफ्ट’. स्टिकला हात न लावताही पडद्यावरचे पात्र आपोआप चालू लागते. कारण यांत्रिक आहे. स्टिकच्या आत कार्बनचा पातळ पट्टा असतो आणि त्यावर धातूची बारीक पाती घासत सरकते. त्या घर्षणाने पट्टा झिजतो, झिजलेला भुगा आत साठतो आणि स्टिकची मधली जागा कन्सोलला नीट ओळखता येत नाही. ही रचना बहुतेक कंपन्यांच्या रिमोटांत आहे, पण जॉय-कॉनमध्ये जागा फार कमी असल्याने स्टिकचा भागही अगदी बुटका आहे.

२०१९ मध्ये अमेरिकेत यावरून सामूहिक दावा दाखल झाला. जून २०२० मध्ये कंपनीचे अध्यक्ष शुन्तारो फुरुकावा यांनी ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. जानेवारी २०२१ मध्ये युरोपातल्या ग्राहक संघटनांच्या महासंघाने सुमारे पंचवीस हजार तक्रारींच्या आधारे युरोपीय आयोगाकडे धाव घेतली. २०२३ मध्ये युरोप आणि ब्रिटनमध्ये वॉरंटी संपल्यावरही मोफत दुरुस्ती मिळू लागली.

उपाय म्हणून ज्याचे नाव घेतले जाते ती हॉल इफेक्ट स्टिक. चुंबक आणि सेन्सर एकमेकांना न शिवता जागा मोजतात, त्यामुळे तिथे झीज नाही. हे तंत्र नवे नाही. १९९८ च्या सेगा ड्रीमकास्टच्या रिमोटमध्ये ते होते. जॉय-कॉनमध्ये बसणाऱ्या हॉल स्टिक बाहेरच्या कंपन्या आता विकतात. इथेही दोन मते आहेत. एका बाजूचे म्हणणे, आठ वर्षांचा अनुभव पाहता हे आधीच करायला हवे होते. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, खर्च, वीजवापर आणि आसपासच्या चुंबकांचा अडथळा यांचा हिशेब करावा लागतो. स्विच २ चे रिमोट चुंबकानेच कन्सोलला चिकटतात, म्हणून या शेवटच्या मुद्द्याला वजन आले. निन्टेंडोने स्विच २ मध्ये हॉल स्टिक नसल्याचे स्पष्ट केले, आणि कन्सोल उघडून पाहणाऱ्यांनाही आत घर्षणाचीच रचना मिळाली.

सुटे होण्याचा फायदा इथे मात्र नक्की आहे. २०१९ च्या स्विच लाइटमध्ये रिमोट कन्सोललाच पक्के आहेत, त्यामुळे स्टिक बिघडली की अख्खा कन्सोल दुरुस्तीला द्यावा लागतो. जॉय-कॉन बिघडला तर तेवढाच काढून देता येतो, किंवा नवा आणता येतो. नागपूरसारख्या शहरात, जिथे कंपनीचे सर्व्हिस सेंटर नाही, हा फरक फार मोठा आहे. सीताबर्डीच्या मोदी नंबरच्या गल्ल्यांत मोबाइल उघडून बसणाऱ्या कारागिरांसाठी स्टिक बदलणे हे काही अवघड काम नाही. तीन टोकांचा बारीक स्क्रू-ड्रायव्हर, चपट्या केबलची काळजी आणि योग्य सुटा भाग एवढेच लागते. अडते ते शेवटच्या गोष्टीवर.

आता हवामान. निन्टेंडोने कन्सोल वापरण्यासाठी सांगितलेली मर्यादा ५ ते ३५ अंश सेल्सिअस आहे. नागपुरात मार्चअखेरीपासून जूनच्या पावसापर्यंत दुपारचे तापमान या मर्यादेच्या वर असते आणि मे महिन्यात ते ४५ च्या आसपास पोहोचते. कुलरने खोली गार होते, पण हवेत ओल वाढते, आणि धूळही आत येते. गरम झालेला पडद्याचा भाग डॉकमध्ये ठेवून सुटे रिमोट हातात घेण्याचा फायदा अशा वेळी कळतो, कारण कन्सोलची उष्णता तळव्यांपासून दूर राहते. घाम मात्र जात नाही, आणि गुळगुळीत, पातळ प्लॅस्टिक ओल्या बोटांतून निसटते. खरबरीत रबराची ग्रिप चढवली तर पकड सुधारते, पण ती चढवलेला रिमोट अनेकदा डॉकमध्ये बसत नाही.

इतरांनी काढलेले मार्ग

सोय आणि बहुगुणीपणा यांत एकाला झुकते माप दिले तर काय होते, याची उदाहरणे बाजारात आहेत. जपानच्या होरी कंपनीने २०१९ मध्ये ‘स्प्लिट पॅड प्रो’ आणला. तळहात भरेल एवढा आकार, पूर्ण उंचीच्या स्टिक, डाव्या बाजूला खरा डी-पॅड. हातात धरून खेळणाऱ्यांनी त्याची मनापासून तारीफ केली. पण त्यात ना बॅटरी, ना ब्लूटूथ, ना कंपन. कन्सोलपासून काढला की तो निकामी होतो. निन्टेंडोचा स्वतःचा प्रो कंट्रोलर २४६ ग्रॅमचा, भरीव आणि चाळीस तास चालणारा आहे, आणि टीव्हीवर लांबलचक गेम खेळणारे बहुधा त्याच्याकडेच वळतात. तो मात्र एका वेळी एकाच माणसाचा.

लेनोव्होने २०२३ च्या ‘लीजन गो’मध्ये सुटे रिमोट आणि हॉल स्टिक दोन्ही दिले, शिवाय उजवा रिमोट उभा ठेवून माउससारखा वापरण्याची सोयही केली. किंमत वजनात मोजावी लागली. रिमोटांसह तो ८५४ ग्रॅमचा आहे, म्हणजे जॉय-कॉन लावलेल्या पहिल्या स्विचच्या दुपटीहून जास्त. पुढे त्याच कंपनीने ‘लीजन गो एस’मध्ये रिमोट पक्के केले, आणि ‘लीजन गो २’मध्ये पुन्हा सुटे. एकाच कंपनीला दोन्ही गिऱ्हाइके सांभाळावी लागतात, यावरून वाद किती उघडा आहे ते दिसते.

५ जून २०२५ रोजी आलेल्या स्विच २ ने आधीच्या तक्रारींपैकी काही नीट ऐकल्या आहेत. रिमोट मोठे झाले, वरची बटणे रुंद झाली, सरकवण्याच्या पट्टीऐवजी चुंबक आले. जुन्या पट्टीची प्लॅस्टिकची कडी झिजून रिमोट सैल होत असे, ती कटकट संपली. जुने जॉय-कॉन नव्या कन्सोलला बिनतारी जोडता येतात, फक्त कडेला चिकटत नाहीत. वजन मात्र रिमोटांसह ५३४ ग्रॅमवर गेले, आणि डाव्या बाजूला डी-पॅड अजूनही नाही. नवे रिमोट कडेवर उभे करून माउससारखेही सरकवता येतात, पण तसे वापरताना हात रिमोटच्या अरुंद कडेवर टेकवावा लागतो. नेमबाजीच्या गेममध्ये अचूकता वाढते हे बहुतेकांना पटते, मनगटाला ते किती वेळ सोसवते यावर मतभेद आहेत. टेबल-खुर्चीऐवजी मांडीवर रिमोट सरकवणाऱ्यांचा अनुभवही यात मोजायला हवा.

काय सुटलेले नाही

पहिला अनिर्णित प्रश्न मापाचा आहे. हे रिमोट जगभर एकाच आकारात विकले जातात. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये देबकुमार चक्रवर्ती यांचा भारतीय शरीरमापांवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या हातांची मापे त्यात दिलेली आहेत. चपलांना नंबर असतात, क्रिकेटच्या बॅटलाही मुलांचे वेगळे माप असते. दहा वर्षांच्या मुलीला आणि तिच्या सहा फुटी काकांना एकच रिमोट का, या प्रश्नाला उत्पादनखर्चापलीकडचे उत्तर कोणी दिलेले नाही. सुट्या रचनेत वेगवेगळ्या मापांचे रिमोट देणे सर्वांत सोपे आहे, आणि नेमकी हीच शक्यता कंपनीने वापरलेली नाही.

दुसरा प्रश्न मोजणीचा. सोय तासाभरात मोजायची की वर्षभरात? पहिल्या तासाला मोकळे हात जिंकतात, चौथ्या तासाला भरीव रिमोट. परीक्षणे बहुधा पहिल्या आठवड्यात लिहिली जातात, आणि स्टिकची झीज त्यानंतर सुरू होते. टिकाऊपणा हा सोयीचाच भाग मानावा असे मला वाटते, कारण बिघडलेल्या स्टिकवर अंगठा कितीही छान बसला तरी त्याचा उपयोग नाही.

तिसरा प्रश्न आपल्याकडच्या दुरुस्तीचा. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चे पोर्टल सुरू केले, आणि त्यात शेतीची अवजारे, मोबाइल व टॅबलेट, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे धरली. गेमिंग कन्सोलचे नाव त्यात स्वतंत्रपणे नाही. जी वस्तू कंपनीने इथे अधिकृतपणे विकलीच नाही, तिच्या सुट्या भागांची मागणी कोणाकडे करायची? युरोपातल्या ग्राहकाला संघटनेच्या बळावर मिळालेली मोफत दुरुस्ती धरमपेठेतल्या किंवा इतवारीतल्या खेळाडूपर्यंत पोहोचायला आधी कंपनीला भारतात अधिकृत विक्री सुरू करावी लागेल.